दुसऱ्याचा हापसा

सकाळी साडेआठला आमचं घर रिकामं होतं. मुलगा शिकागोची गाडी पकडायला स्टेशनवर जातो, सूनबाई तिची कार घेऊन ऑफिसला जाते, आणि मागे मी आणि फ्रीज एवढे दोघंच उरतो. फ्रीज निदान मधूनमधून गुरगुरतो तरी. नेपरव्हिलला येऊन मला सहा वर्षं झाली. बायको गेली त्या वर्षी मुलानं मला इकडं आणलं. घर मोठं, गरम, स्वच्छ. खाण्यापिण्याची काही तक्रार नाही. पण संध्याकाळी सहापर्यंत तोंड उघडायला कारण नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. तीस वर्षं पंचायत समितीच्या हापसे दुरुस्त करणाऱ्या पथकात काढली. हातपंपाला आमच्याकडे हापसा म्हणतात. कुणी पाणी हापसत असलं की लांबूनच मी सांगायचो, चेन कोरडी पडलीय, की वायसर गेलाय, की पाईपला भोक पडलंय. उघडून बघितल्यावर तेच निघायचं. इंजिनिअर लोक कागद काढून बसेपर्यंत माझं काम झालेलं असायचं. ही बढाई आहे, पण खरी आहे.

इथं त्याचा उपयोग शून्य. नळाखाली हात धरला की पाणी येतं, काढला की बंद. देवळात नाहीतर किराणा दुकानात आपली पोरं भेटतात, पुण्याची, नागपूरची, सगळी कॉम्प्युटरवाली. भली पोरं आहेत. "काका, तुम्ही आधी," म्हणून रांगेत पुढे करतात, खुर्ची देतात, आणि मग आपापसात बोलायला लागतात. एक जण म्हणाला, "काका, इथं सिनिअर सेंटर आहे, मस्त टाइमपास होतो, मी ड्रॉप करतो तुम्हाला." मी म्हटलं, "म्हातारा झालो की सांगेन." त्यानं परत विचारलं नाही.

अशात माझी नात आफ्रिकेला निघाली. कॉलेज संपलं होतं, नोकरी लागण्यासारखी होती, पण तिनं स्वयंसेवक म्हणून नाव घातलं. झांबिया नावाच्या देशातल्या एका खेड्यात, शाळेत गणित शिकवायचं. दोन वर्षं. राहायला घर आणि पोटापुरते पैसे तिला मिळणार होते. मुलाचं डोकंच फिरलं.

"आबा, तुम्ही सांगा हिला. आपण तिकडून इकडं यायला काय काय केलं, आणि ही चाललीय जिथं नळ नाही तिथं."

मी म्हटलं, "नळ नव्हता तिथं तू पण वाढलायस. हात गळून पडले नाहीत तुझे."

नात हसली आणि मुलगा चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. खरं सांगायचं तर ती जाऊ नये असं त्याच्यापेक्षा मलाच जास्त वाटत होतं. त्या घरात माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसणारी ती एकटीच. पण मुलगा एक म्हणाला की मी दुसरं म्हणणार, ही माझी जुनी खोड.

ऑगस्टच्या शेवटी ती गेली. दहा-बारा दिवसांनी एका सकाळी दहा वाजता माझा फोन वाजला. तिकडं संध्याकाळचे पाच वाजले होते. फोनमध्ये तिचं तोंड, मागं विटांची भिंत आणि वर पत्रा.

"आबा, कोणाला सांगू नका हं. ममीला तर अजिबात नाही. मला ना, एका बकेटमध्ये आंघोळ जमत नाही. साबण निघायच्या आधीच पाणी संपतं."

असा आनंद मला सहा वर्षांत झाला नव्हता. मी तिला सांगितलं, आधी अंग नुसतं ओलं कर, दोन तांबे. मग साबण. मग वरून धार सोड, पाणी मानेवरून घे, डोक्यावरून फेकू नकोस, फेकलेलं पाणी जमिनीचं. अर्ध्या बादलीत माझी आई तीन पोरं धुवायची. दुसऱ्या दिवशी दहा वाजता परत फोन. "आबा, झालं! उरलं पण थोडं!"

मग रोजचंच झालं. साखरेला मुंग्या लागल्या: डबा पाण्याच्या ताटलीत ठेव. जीन्स एका बादलीत धुता येत नाही: धुवूच नको, इतर बायका काय नेसतात ते बघ आणि तसं नेस. डोक्यावरून पाणी आणताना निम्मं अंगावर सांडतं: ओढणीची चुंबळ कर, बादलीत वर चार पानं टाक, आणि पायाकडे बघू नकोस, समोर बघ. मी सकाळी उठून आंघोळ करून, टोपी घालून, साडेनवालाच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन उभा करून बसायला लागलो. संध्याकाळी मुलगा यायचा तो बूट काढता काढताच विचारायचा, "काय म्हणाली?" मी लगेच सांगत नसे. पाणी पिऊन, जरा वेळ काढून सांगायचो. घरात माझ्याजवळ विचारण्यासारखं काहीतरी आहे, हे मला फार बरं वाटत होतं.

तिच्या शेजारी एक म्हातारी राहायची. तिकडं आजीला अंबुया म्हणतात, नातही तसंच म्हणायची. एकदा चुलीचा विषय निघाला. तीन दगडांची चूल, लाकूड धरत नाही, घरभर धूर. मी फोनवरून सांगत होतो: दोन लाकडं आडवी घाल, तिसरं वर तिरपं, खाली हवेला जागा ठेव. ती फुंकतेय, खोकतेय. तेवढ्यात मागून ही म्हातारी आत आली. उंच, काटक, कमरेला रंगीत कापड. काही न विचारता तिनं माझी सगळी लाकडं उपसली आणि तिन्ही बाजूंनी टोकं आत करून ठेवली, बैलगाडीच्या चाकाचे आरे असतात तशी. फक्त टोकं जळत होती. एक फुंकर मारली, जाळ झाला.

मी म्हटलं, "तिला सांग, असं केल्यावर दर पाच मिनिटांनी लाकूड पुढं सरकवायला लागतं."

नातीनं तोडक्यामोडक्या भाषेत सांगितलं. म्हातारीनं फोनकडे वाकून बघितलं. नात म्हणाली, "आबा, ती विचारते, तुम्ही शेवटी चूल कधी पेटवली?"

"तिला म्हणावं, माझ्याकडं बटण दाबलं की गॅस पेटतो."

म्हातारी ते ऐकून मोठ्यानं हसली. दात फार थोडे होते, पण हसू भरपूर. तिचं उत्तर सांगताना नातही हसत होती. "ती म्हणते, बटणवाल्यानं बटणाशी बोलावं."

मला ते लागलं. मी हसलो नाही. ऐंशीला टेकलेला माणूस मी, आणि ती मला चूल शिकवणार? दिवसभर माझ्या डोक्यात तिला द्यायची उत्तरं येत राहिली. एकाहून एक चांगली होती, पण ऐकायला कोणी नव्हतं.

ऑक्टोबरात तिकडं कडक ऊन पडतं. एके दिवशी नात पाण्याच्या रांगेतूनच बोलत होती, आणि मागून मला आवाज आला. कुंईं, खट. कुंईं, खट. मी खुर्चीवरून उठलो.

"फोन फिरव. मागं फिरव."

तिनं फिरवला. तोच हापसा. तीन पायांचा, लांब दांड्याचा, वर पेटीसारखं डोकं. आमच्याकडचाच. मी असे हापसे हजारभर तरी उघडले असतील. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी नातीला दिसू दिलं नाही.

"चेन कोरडी पडलीय," मी म्हटलं. "आजच ग्रीस नाही लावलं तर तुटेल. मग बसा सगळे बोंबलत."

"पंप अंबुया बघते, आबा. सगळ्या बायकांनी तिला निवडलंय. तिनं ट्रेनिंग घेतलंय. पंप उघडायचे पाने तिच्याच घरात असतात. पण ती दुसऱ्या गावाला गेलीय, कोणीतरी वारलं तिकडं. परवा येईल."

"परवापर्यंत चेन थांबायची नाही." हे मी बोललो खरं, पण ते खरं नव्हतं. आवाजावरून ती चेन अजून दोन महिने सहज टिकली असती. मला ठाऊक होतं. मला फक्त त्या म्हातारीनं परत येऊन बघायला हवं होतं, की बटणवाल्याला काय काय येतं.

नातीनं बाजारातल्या सायकलवाल्याकडून पाना आणि डबीभर ग्रीस आणलं. दुसऱ्या दिवशी फोन एका पोरीच्या हातात देऊन तिनं पुढचं झाकण उघडलं. रांगेतल्या बायका बघत होत्या. मी इथून सांगत होतो: बोल्ट ओच्यात ठेव, मातीत ठेवू नकोस. दांडा वर कर. आता चेन दिसेल. बोटानं लाव, आतपर्यंत. लाव, लाव, लाजतेस काय. झाकण बसलं, दांडा हापसला, आवाज बंद. नुसता पाण्याचा आवाज. त्या बायका काही बोलल्या नाहीत. तेव्हा मला वाटलं, थक्क झाल्या.

त्या संध्याकाळी मुलगा बूट काढत होता तेवढ्यातच मी सगळं सांगून टाकलं.

तीन दिवसांनी फोन आला तेव्हा नातीचं तोंड उतरलं होतं. अंबुया परत आली होती. हापशाच्या झाकणावर ताज्या ग्रीसची बोटं दिसली, तिनं विचारलं. नातीनं अगदी कौतुकानं सांगितलं की मी केलं, माझ्या आजोबांनी शिकवलं.  म्हातारीनं घरातून फडकं आणलं, ग्रीसची बोटं पुसली आणि आत गेली.

"ओरडली असती तर बरं झालं असतं, आबा. आता ती मला मॅडम म्हणते. आधी नुसतं 'मुली' म्हणायची. आणि पाण्याला गेले ना, की सगळ्या बाजूला होतात. 'मॅडम, तुम्ही आधी.' मी म्हणते मी रांगेत थांबते, तर कोणी थांबूच देत नाही. माझी बकेट भरून देतात आणि मी जाईपर्यंत कोणी बोलत नाही. मग मी वळले की बोलायला लागतात." ती रडायला लागली. "यार आबा, मला घरी यायचंय."

 मॅडम, तुम्ही आधी. हे काय असतं ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि मग मला माझीच एक गोष्ट आठवली. मी पथकात असताना एक नवा ज्युनिअर इंजिनिअर आला होता, पोरगाच. एका गावात हापसा दुरुस्त करायचा होता. मी झाडाखाली भाकरी खायला बसलो, तेवढ्यात त्यानं डोकं उघडून चेन बदलून टाकली. काम बरोबर केलं होतं. चांगलं केलं होतं. मी पाना त्याच्या पायापाशी टाकला आणि आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्यानं चहा आणला तर घेतला नाही. त्या गावात सगळी माणसं मला हापसेवाले म्हणून हाक मारायची. त्यांच्यादेखत माझा हापसा दुसऱ्यानं उघडला होता. तो बिघडला की सुधारला, याच्याशी माझ्या रागाचा काही संबंध नव्हता. हे जगात ज्या थोड्या माणसांना कळतं त्यांतला मी एक, आणि मीच पोरीच्या हातात पाना दिला.

मुलाला तिनं रडत फोन केला होता, कारण काही सांगितलं नव्हतं. नुसतं, करमत नाही. तो लगेच लॅपटॉप उघडून बसला. "बघा आबा, मी म्हटलं होतं. दोन महिन्यांत परत. पुढच्या आठवड्यातलं तिकीट मिळतंय."

मी गप्प बसलो. चार दिवस गप्प बसलो. गप्प बसलो की ती येणार होती. परत माझ्या खोलीत पलंगावर बसणार होती. कोणाला काही कळणार नव्हतं. रात्रीचं जेवण मला जात नव्हतं आणि सूनबाई विचारायची, "आबा, भाजी तिखट झालीय का?" मी म्हणायचो, "हो."

रविवारी मुलगा तिकिटाचे पैसे भरायला बसला तेव्हा मी म्हटलं, "थांब. काढू नकोस."

"का?"

"तिचं काही चुकलं नाही. तिथला हापसा मी उघडला."

"पण झाकण तर तिनं उघडलं ना?"

"हातानं तिनं, तोंडानं मी." आणि मग आधी गाळलेलं सगळं सांगितलं, बटणापासून. मुलगा ऐकत राहिला. सूनबाई हातात लाटणं घेऊन दारात उभी.

मुलगा म्हणाला, "पण आबा, ती परत यावी असं तुम्हालाच सगळ्यात जास्त वाटतं ना? दहा वाजायची वाट बघत बसता तुम्ही. मला काय दिसत नाही?"

"वाटतं."

"मग येऊ दे की."

"आता आली तर पळून येईल. माझ्यामुळं. मग पलंगावर बसली तरी मी तिच्याकडं कुठल्या तोंडानं बघू?"

मी आयुष्यात कुणालाही माझं चुकलं असं म्हटलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ते तिनं मला जाता जाता ऐकवलं होतं. सोमवारी दहा वाजता नातीला म्हटलं, "अंबुयाच्या दारात जा. फोन घेऊन जा. आत बोलावलं नाही तर बाहेर उभी राहा."

बोलावलं नाही. म्हातारी अंगणात शेंगा सोलत होती. मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. खुर्चीवर बसून बोलायची ही गोष्ट नव्हती. टोपी काढली आणि हात जोडले.

"तिला सांग, झाकण उघडायला मी सांगितलं. चेन आणखी दोन महिने टिकली असती, ते मला माहीत होतं. मी खोटं बोललो. हापसा तिचा आहे. माझं चुकलं."

नातीनं तिला सांगायच्या आधी माझ्याकडं बघितलं. खोटं बोललो हे तिलाही आत्ताच कळत होतं. मग तिनं सांगितलं. फोन समोर टेकवून, गुडघ्यावर बसून, तिकडच्या रीतीप्रमाणं हाताची ओंजळ करून हळू टाळ्या वाजवत सांगितलं. म्हातारी शेंगा सोलत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं काहीतरी विचारलं.

"आबा, ती विचारते, तुमचा पंप असा कोणी उघडला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

"आठ दिवस बोललो नव्हतो."

नातीनं सांगितलं. म्हातारीनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग पहिल्यांदा फोनकडं बघितलं आणि बोलली. नातीला हसू आवरेना, रडूही आवरेना. "ती म्हणते, मग माझा अजून एक राहिलाय."

तो एक दिवस तिनं पुरा घेतला. बुधवारी सकाळी तिनं नातीला दारातून हाक मारली आणि हातात फडकं दिलं. मॅडम म्हटलं नाही. हापशाजवळ नेऊन सगळ्या रांगेदेखत आपल्या हातानं झाकण उघडलं आणि नातीला नुसतं पाने धरून उभं केलं. मग तिची बादली उचलली आणि रांगेच्या अगदी शेवटी नेऊन ठेवली.

हे ऐकून मी नातीला म्हटलं, "आता एक माझं ऐक. काही अडलं तर मला विचारायचं नाही. तिला विचारायचं."

"पण आबा, तुम्ही तर सगळं छान सांगता."

"सांगतो. आणि तू घरात बसून ऐकतेस. दहा पावलांवर बाई आहे, आणि तू समुद्रापलीकडं फोन करतेस. संध्याकाळचे पाच म्हणजे तिकडं बायका अंगणात बसायची वेळ. रोज पाचला तू कुठं असतेस? माझ्याजवळ."

ती म्हणाली, "मग तुम्ही काय कराल दहा वाजता?"

"मला काय कमी कामं आहेत?" मी म्हटलं.

आता ती रविवारी फोन करते, तेव्हा मुलगा, सूनबाई सगळे असतात. मागच्या रविवारी तिनं हापसा दाखवला. इथं गुडघाभर बर्फ आणि तिकडं पावसाचे दिवस. बायकांनी मिळून पाईप वर काढले होते, वायसर बदलायला. अंबुया मधोमध, नात पाईपच्या एका टोकाला, अंगावर चिखल, कोणाशी तरी तिकडच्या भाषेत भांडत होती. मी नीट बघत होतो. पाईप परत जोडताना टोकाच्या आट्यांना ना सफेद्याचा लेप लावला, ना दोरा गुंडाळला. असंच बसवलं तर वर्षभरात जोड गळायला लागतो. माझ्या जिभेवर आलं होतं. मुलानं माझ्याकडं बघितलं.

अंबुयानं फोनमध्ये डोकावून काही विचारलं. नात ओरडली, "आबा, ती विचारते, म्हातारा आज गप्प का?"

"सांग, बघतोय."

त्यांच्यात दोरा न लावायचं काही कारण असेल. नसलं तर जोड गळेल, आणि गळला की ती म्हातारी तो परत उघडेल. हापसा तिचा आहे. अकराव्यांदा दांडा हापसल्यावर पाणी आलं, बायकांनी आरडाओरडा केला, आणि नात फोन तसाच दगडावर ठेवून पाण्याकडं पळाली. आम्हाला थोडा वेळ नुसतं आभाळ दिसलं. मग फोन बंद झाला.

इतर दिवशी मी अजूनही साडेनवाला टेबलाशी येऊन बसतो. सवय आहे, दुसरं काही नाही. दहा वाजतात. फोन करू नकोस असं मीच सांगितलंय, तेव्हा तक्रार कोणाकडं करणार? सव्वादहापर्यंत बसतो, मग उठून सकाळची भांडी पुसून जागेवर लावतो. सूनबाई रोज सांगते, आबा, राहू द्या, मशीन आहे. मी काही ऐकत नाही.